डार्करूमला कुलूप लावू नका, आधी पाण्याची टाकी बसवा

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील कला महाविद्यालयांचे, तसेच छायाचित्रण आणि पत्रकारितेचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांचे प्राचार्य, विभागप्रमुख व संस्थाचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

नवीन वर्षाच्या तयारीची आपली गडबड चालू असेल. प्रवेश, वेळापत्रक, वर्गांची रंगरंगोटी. त्या कामांत आणखी एका कामाची भर घालावी, अशी विनंती करायला हे पत्र लिहितो आहे. ज्यांच्याकडे डार्करूम (फिल्म धुऊन प्रिंट काढायची अंधारी खोली) आणि स्टुडिओ आहे, त्यांनी पहिल्या तुकडीपुढे डेव्हलपरचा, म्हणजे कागदावर चित्र उमटवणाऱ्या द्रावणाचा, ट्रे ठेवण्याआधी या दोन्ही खोल्या तपासून घ्याव्यात. जे नाही ते बसवून घ्यावं, आणि मगच मुलांना आत सोडावं.

मी सोलापुरात बरीच वर्षं फोटोग्राफीचा व्यवसाय केला. त्यातला मोठा काळ लाल दिव्याखाली गेला. आता बोलावणं आलं की मुलांना प्रिंट काढायला शिकवायला जातो. त्यामुळे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या खोल्या मी आतून पाहिल्या आहेत.

गेल्या उन्हाळ्यात शहरातल्या एका संस्थेत ट्रे उचलताना दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीच्या डोळ्यात स्टॉप बाथ, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवणारं ॲसिडचं द्रावण, उडालं. ती नळाकडे धावली, तर नळ कोरडा. पाण्याचा दिवस नव्हता आणि टाकी सकाळीच रिकामी झाली होती. मैत्रिणींनी दप्तरातल्या पिण्याच्या बाटल्या तिच्या डोळ्यावर ओतल्या आणि स्कूटीवर बसवून तिला सिव्हिलला नेलं. डोळा वाचला. दुसऱ्या दिवशी संस्थेने डार्करूमला कुलूप लावलं, 'मुलांनी जपून काम करायला हवं होतं' असं सांगितलं आणि विषय संपवला.

मला वाद घालायचा आहे तो या दोन्ही गोष्टींशी. जपून काम करा हे सांगायलाच हवं, पण जपून काम करणाऱ्याच्याही हातून ट्रे हिंदकळतो. त्या क्षणी त्याच्या मदतीला काय आहे, हे ठरवणं संस्थेच्या हातात असतं, मुलांच्या नाही. आणि कुलूप लावल्याने धोका संपत नाही. ज्याला प्रिंटची गोडी लागली आहे तो पोरगा घरच्या न्हाणीघरात पडदा लावून तेच काम करतो. तिथे पंखा नसतो, शिकवणारा नसतो, आणि धाकटी भावंडं दारात उभी असतात.

डार्करूमची बहुतेक शिकवण थंड हवेच्या देशांतून आपल्याकडे आली. डेव्हलपर 20 अंश सेल्सिअसला ठेवा, डोळ्यात काही गेलं तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. दोन्ही सूचना बरोबरच आहेत. पण एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर जातो आणि नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, अशा गावात त्या पाळायच्या कशा, याचं उत्तर पुस्तकात मिळत नाही. ते आपल्यालाच काढावं लागेल.

आधी पाणी. डोळे धुण्याच्या साधनातून मिनिटाला किमान दीड लिटर पाणी यावं, असं त्याचं प्रमाणित माप आहे. पंधरा मिनिटांना 22-23 लिटर झाले. एक लिटरची बाटली त्या हिशोबाने चाळीस सेकंदांत संपते. शिवाय पाणी 16 ते 38 अंशांच्या दरम्यान हवं. मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी हातावरही घेववत नाही, ते डोळ्यात सोडणार कसं? म्हणून ही टाकी गच्चीवर नको. खोलीच्या आत किंवा व्हरांड्यात, सावलीत, उंचावर ठेवलेली निदान पन्नास लिटरची वेगळी टाकी हवी, खाली दोन मऊ धारांचा नळ, आणि ते पाणी डोळ्यांशिवाय कशालाही वापरायचं नाही. दर आठवड्याला ते बदलायचं. काढलेलं पाणी प्रिंट धुवायला चालतं, त्यामुळे टंचाईत पाणी वाया घालवल्याचाही बोल लागणार नाही. ट्रेपासून या नळापर्यंत डोळे मिटून दहा सेकंदांत पोचता आलं पाहिजे, वाटेत स्टूल नको, दप्तर नको. वर्षाच्या पहिल्या तासाला प्रत्येक मुलाला डोळे मिटून ती वाट एकदा चालायला लावा. कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांना त्या काढून चष्मा लावायला सांगा, कारण उडालेला थेंब लेन्सच्या मागे अडकून राहतो. रसायन ओतताना चष्म्यावरही गॉगल हवाच.

आता उन्हाळा. स्टॉप बाथसाठी आपण अजूनही ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड विकत घेतो. ते जवळजवळ शंभर टक्के शुद्ध असतं, त्वचा भाजतं आणि त्याची वाफ घशाला झोंबते, एवढं मुलांना सांगितलेलं असतं. पण साधारण 39-40 अंशांना त्या द्रवावर इतकी वाफ जमते की एका ठिणगीने ती पेट घेऊ शकते, हे सहसा कुणी सांगत नाही. लंडनच्या गोदामात तो आकडा दूरचा वाटेल. आपल्याकडे पत्र्याच्या छपराखालच्या स्टोअररूममध्ये मेमधल्या दुपारी तो रोजचा असतो, आणि त्याच खोलीत स्विचबोर्ड असतो. हेच ॲसिड साडेसोळा अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे कडाक्याच्या थंडीच्या पहाटे बाटलीत खडा झालेलं दिसू शकतं. ते वितळवायला कुणी शेगडीजवळ ठेवलं तर काय होईल, हे सांगायला नको.

यावरचा उपाय सोपा आहे. ते विकतच घेऊ नका. लिटरभर पाण्यात पंधरा-वीस ग्रॅम सायट्रिक ॲसिड घातलं तरी उत्तम स्टॉप बाथ होतो. त्याला वास नाही, वाफ नाही. काही कारणाने ॲसेटिकच हवं असेल तर आधीच पातळ केलेलं आणा. आणि कुठलंही ॲसिड असो, आधी पाणी घ्यायचं, मग त्यात ॲसिड सोडायचं. उलट कधीच नाही.

डेव्हलपर थंड ठेवण्यासाठी मुलं घमेल्यात बर्फ घालून त्यात ट्रे ठेवतात. युक्ती चांगली आहे. पण तो बर्फ ज्या फ्रिजमधून येतो त्यातच फिल्मचे रोल, उरलेला डेव्हलपर आणि कुणाचा तरी ताकाचा डबा असतो, हे मी पाहिलं आहे. हायपोचं, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरचं, द्रावण पाण्यासारखंच दिसतं. ते कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलं, आणि उन्हातून आलेल्या शिपाईमामांनी तहानेपोटी तोंडाला लावलं तर दोष कुणाचा? रसायनांचा फ्रिज वेगळा असावा. जमत नसेल तर फ्रिजमध्ये रसायन ठेवणंच बंद करावं. खाण्यापिण्याच्या बाटलीत रसायन भरायला कायमची बंदी असावी. प्रत्येक बाटलीवर मराठीत नाव, भरल्याची तारीख, आणि डोळ्यात किंवा पोटात गेल्यास काय करायचं ते लिहावं. आपल्या पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडची मुलं कन्नड बोलतात, कुणी उर्दू शाळेतून आलेलं असतं. खोली झाडायला येणाऱ्या मावशींना कदाचित वाचता येणार नाही. म्हणून लेबलावर धोक्याचं चित्रही असू द्या.

हवेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक खोल्या तिथेच नापास होतात. फिक्सरमधून सल्फर डायऑक्साइड सुटतो. ॲसिड जास्त झालं किंवा द्रावण तापलं की जास्तच सुटतो. धडधाकट माणसाला त्याने खोकला येतो, दम्याच्या रुग्णाची छाती भरून येते. आपल्याकडे येणारी कितीतरी मुलं यंत्रमागाच्या खडखडाटात, कापसाच्या तुसात वाढली आहेत. काहींच्या आया घरी विड्या वळतात. त्या फुप्फुसांना आधीच काय काय सोसावं लागलं आहे याचा विचार करा. प्रवेशाच्या वेळी दम्याबद्दल विचारा, आणि असं मूल असेल तर त्याला दूर न ठेवता त्याच्यासाठी हवा सुधारा.

तासाला निदान दहा वेळा खोलीतली सगळी हवा बदलायला हवी. दहा फूट बाय बारा फूट, दहा फूट उंच अशी खोली धरली तर 1200 घनफूट हवा. तासाला 12000 घनफूट, म्हणजे सुमारे 340 घनमीटर. एक्झॉस्ट पंख्याच्या खोक्यावर त्याची क्षमता लिहिलेली असते, ती याहून बरीच जास्त हवी, कारण उजेड अडवणाऱ्या पट्ट्यांमधून हवा जाताना तिचा जोर कमी होतो. पंखा कुठे बसवायचा हे त्याहून महत्त्वाचं. आपल्याकडे तो छताजवळ लावतात. मग ट्रेमधली वाफ मुलाच्या नाकासमोरून वर जाते आणि नंतर पंख्याकडे. पंखा ट्रेच्या मागच्या भिंतीत, ट्रेच्या जरा वर हवा, म्हणजे वाफ चेहऱ्यापर्यंत पोचण्याआधीच ओढली जाईल. समोरच्या दाराखालून बाहेरची हवा आत यायला वाट ठेवा, नाहीतर पंखा नुसता फिरत राहतो. पंखा बंद असेल तर काम बंद. वीज गेली की सगळ्यांनी बाहेर यायचं, कागद वाया गेला तरी चालेल.

मास्कबद्दल एक गैरसमज आहे. एन-95 मास्क भुकटीला अडवतो, वायूला अडवत नाही. डेव्हलपरची भुकटी पाण्यात मिसळताना तो जरूर लावा, आणि ते काम बाहेर मोकळ्या हवेत, वारा नसताना करा. पण मास्क आहे म्हणून पंखा नको, हा हिशोब चुकीचा आहे.

डेव्हलपरमधलं मेटॉल काही जणांच्या कातडीला मानवत नाही. बोटांची टोकं खाजतात, फुटतात, आणि एकदा का शरीराने त्याच्याशी वैर धरलं की पुढे थेंबभरानेही त्रास उलटतो. माझ्या पिढीतले कितीतरी चांगले प्रिंटर याच कारणाने डार्करूममधून उठले. हात न बुडवता चिमट्याने कागद उचलायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, प्रत्येक ट्रेला वेगळा चिमटा. नायट्राइलचे हातमोजे द्या. मात्र आपल्या उकाड्यात ते दहा मिनिटांत घामाने चिंब होतात आणि मुलं ते काढून टाकतात. त्यांना रागावून उपयोग नाही. तुकड्या लहान करा, पाळ्या अर्ध्या तासाच्या ठेवा, उन्हाळ्यात प्रात्यक्षिकं सकाळी सातला घ्या. फेनिडोन आणि ॲस्कॉर्बिक ॲसिडवर बनवलेले डेव्हलपरही मिळतात, ते कातडीला बरेच सौम्य असतात.

छायाचित्रणाच्या पहिल्या पिढीने पाऱ्याच्या वाफेवर प्रतिमा उमटवल्या, पोटॅशियम सायनाइडने काचा फिक्स केल्या. त्या लोकांबद्दल मला फार आदर आहे. पण ती रसायनं मागे पडली आणि कला टिकली. जुनी पद्धत जुन्याच रसायनाने शिकवली पाहिजे असं मुळीच नाही. सेपिया टोनिंगचं, म्हणजे प्रिंटला तपकिरी छटा देण्याचं, सोडियम सल्फाइड ॲसिडला लागलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास असतो, पण प्रमाण वाढलं की नाक तो वास ओळखेनासं होतं, आणि हेच भयंकर आहे. गम प्रिंटसाठी, म्हणजे डिंक आणि रंग वापरून प्रिंट काढायच्या जुन्या पद्धतीसाठी, लागणारं डायक्रोमेट कर्करोगकारक आहे. रंगकामाची रसायनं मिळणं या शहरात अवघड नाही, त्यामुळे उत्साही मूल ती स्वतःच आणू शकतं. परवानगीशिवाय बाहेरचं रसायन आत आणायचं नाही, असा नियम दारावर लावा. या रसायनांऐवजी मुलांना सायनोटाइप, म्हणजे निळी प्रिंट काढायची पद्धत, शिकवा. ती जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये शोधली. दोन लोहक्षार, साधं पाणी आणि ऊन एवढंच लागतं, आणि ऊन तर आपल्याकडे भरपूर आहे. त्यातही पोटॅशियम फेरिसायनाइड असतं. ते तीव्र ॲसिडपासून आणि आगीपासून लांब ठेवायचं, एवढं पथ्य पाळलं की झालं.

वीज आणि पाणी एका टेबलावर नको. एन्लार्जर (निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) कोरड्या बाजूला, ट्रे ओल्या बाजूला, मधे माणूस वळू शकेल एवढी जागा. खोलीच्या बोर्डावर 30 मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा. जमिनीवर लोळणारा एक्स्टेन्शन बोर्ड आजच बाहेर काढा. टेबलांच्या कडांना आणि दाराच्या चौकटीला रेडियमची पट्टी लावा. कागदावर काम करताना तिचा मिणमिणता उजेड अडचणीचा ठरत नाही. फिल्म लोड करताना मात्र पूर्ण काळोखच हवा, तेव्हा ती पट्टी झाकायची.

दाराला आतून कडी नसावी आणि आत कुणी असताना बाहेरून कुलूप लावता येऊ नये. आत काम चालू आहे हे सांगायला बाहेर लाल दिवा पुरेसा आहे, कडीची गरज नाही. 2025 च्या मे महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले. त्यानंतर सोलापुरात कुणाला धुराबद्दल आणि बाहेर पडायच्या वाटेबद्दल पटवून द्यावं लागू नये. तरीही काळे पडदे, कागदाचे गठ्ठे आणि एकच अरुंद दार असलेल्या खोल्या मी आजही बघतो.

कडी नसण्याचं दुसरंही कारण आहे, आणि त्यावर आपण उघडपणे बोलत नाही. डार्करूम म्हणजे अंधारी, बंद खोली. स्टुडिओतही मॉडेल म्हणून बसलेली मुलगी आणि कॅमेऱ्यामागचा माणूस एवढेच असतात. आत कुणीही एकटं नको, आणि शिकवणारा व एकच विद्यार्थी असंही नको. तिघं तरी हवेत. फोटो काढण्याआधी लेखी संमती घ्यावी, अठरा वर्षांखालील मूल असेल तर पालकांची. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असायलाच हवी. तिच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर स्टुडिओच्या दारावर लावा. पोरींच्या आईवडिलांनी विश्वासाने त्यांना इतक्या उशिरापर्यंत आपल्याकडे ठेवलेलं असतं.

स्टुडिओतले बाकीचे धोके डोळ्यांना दिसणारे आहेत, म्हणून थोडक्यात लिहितो. फ्लॅश युनिटमधला कपॅसिटर प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट धरून बसतो. बिघडलेला फ्लॅश मुलांना उघडू देऊ नका, तो दुरुस्त करणाऱ्याकडेच जावा. लाइट स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी हवी, वायर जमिनीला टेपने चिकटवलेली हवी. हॅलोजनच्या दिव्याजवळ चादर किंवा पडदा नको, आणि तो गार होईपर्यंत हात लावायचा नाही. फुगलेली लिथियम बॅटरी वापरातून लगेच काढा, आणि रात्रभर चार्जिंगला लावून खोली बंद करून जाऊ नका. सतत फ्लॅश उडवण्याआधी समोरच्याला फिट येण्याचा त्रास आहे का, हे विचारा. चप्पल घालून आत यायचं नाही, बंद बूटच हवेत, दोन्ही खोल्यांत.

वापरलेला हायपो बेसिनमध्ये ओतला जातो, तेही थांबायला हवं. त्यात चांदी उतरलेली असते, आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंना ती मारक ठरते. झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात साठवा, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या माणसालाच द्या. चांदी काढायचा प्रयोग कॉलेजात नको.

गर्दीच्या दिवसांचा वेगळा विचार करा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाली की नंदीध्वजांचे रोल घेऊन सगळे एकाच वेळी डार्करूमला येतात. 19 ऑगस्टच्या छायाचित्रण दिनाच्या प्रदर्शनाआधीही तेच होतं. चौघांच्या खोलीत दहा जण, रात्री उशिरापर्यंत, उपाशीपोटी. बहुतेक अपघात अशाच रात्री होतात, असं माझं मत झालं आहे. त्या दिवसांत नावं लिहून पाळ्या ठरवा आणि रात्री नऊनंतर खोली बंद करा. प्रदर्शनात चार प्रिंट कमी लागल्या तरी चालतील.

हे सगळं करायला लागणारी रक्कम एका बऱ्यापैकी लेन्सच्या किमतीत बसेल. आपण दरवर्षी कॅमेरे घेतोच. या वर्षी एक लेन्स कमी घ्या. तेवढ्या पैशात टाकी, पंखा, आरसीसीबी, गॉगल, हातमोजे, चिमटे आणि लेबलं होतील. दाराजवळ 108 आणि 101 मोठ्या अक्षरांत लिहायला तर काहीच खर्च नाही. विद्यापीठाने आणि कला संचालनालयाने तपासणीच्या वेळी संगणक मोजावेत तसा डोळे धुण्याचा नळही मोजावा, ही त्यांनाही विनंती आहे.

जूनचा पहिला आठवडा मी यासाठी मोकळा ठेवला आहे. ज्या संस्थेला हवं असेल तिथे मोजपट्टी, थर्मामीटर आणि टेस्टर घेऊन येईन, मानधन नको. खोली बघून काय हवं ते तिथल्या तिथे लिहून देईन. फक्त त्या वेळी खोलीची चावी असलेले शिपाईमामा आणि खर्चाला मंजुरी देऊ शकणारं कुणीतरी, असे दोघं जण हजर असावेत.

आपला,
सोलापुरातील एक छायाचित्रकार